सातच्या पोटात चार?

नाणं टेबलावर ठेवायच्या आधीच त्या गृहस्थांनी मला त्याची किंमत सांगितली. आकडा छाती दडपवणारा होता. चुकीचाही नव्हता, नाणं ते म्हणत होते तेच असतं तर.

पेनसिल्व्हेनियातल्या एका लहानशा दुकानात मी जुनी नाणी ओळखायचं काम करते. त्या शुक्रवारी हे साठीचे गृहस्थ, वारलेल्या वडिलांची ३७ अर्ध्या डॉलरची नाणी बुटाच्या खोक्यात घालून घेऊन आले. प्रत्येक नाणं चौकोनी कागदी पाकिटात, वर पेन्सिलीने साल. एकावर लिहिलं होतं: ‘१८१७/४ ? – १९७१’.

त्या तिरक्या रेघेचा अर्थ असा, की चारावर सात ठोकलाय. ११ जानेवारी १८१६ला फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत आग लागली, चांदीचे पत्रे लाटायची यंत्रं निकामी झाली, आणि १८१६ साल घातलेला अर्धा डॉलर निघालाच नाही. १८१७मध्ये काम पुन्हा सुरू झालं तेव्हा कुणीतरी १८१४चा पडून राहिलेला डाय, म्हणजे नाण्यावर छाप उठवायचा पोलादी साचा, काढला आणि त्यातल्या चारावर सात मारला. पोलाद कशाला वाया घालवा! पण तो डाय लवकरच चिरला. त्यामुळे त्याची आज माहीत असलेली नाणी डझनभराच्या आसपास. ही गोष्ट इथल्या प्रत्येक संग्राहकाला पाठ असते, आणि म्हणूनच झिजलेल्या १८१७च्या नाण्यात पुष्कळांना चार दिसतो.

मी नाणं वजनकाट्यावर ठेवलं. १३.२ ग्रॅम, नवं असताना ते १३.४८ असायला हवं, म्हणजे झीज धरून ठीक. कडेवरची ‘फिफ्टी सेंट्स ऑर हाफ अ डॉलर’ ही अक्षरंही जागच्या जागी. मग भिंग लावलं. सातच्या पोटात खरंच एक तिरकी रेघ होती. खोटं कशाला बोलू, माझेही हात गार पडले.

अशा वेळी सालाकडे बघायचंच नाही. डोळ्यांना जे हवं तेच तिथे दिसतं. त्या काळी डायवर स्वातंत्र्यदेवतेचं, लिबर्टीचं, मस्तक मूळ ठशावरून उठवत, पण तारे आणि सालाचे आकडे एकेक करून हाताने ठोकत. डावीकडे सात तारे, उजवीकडे सहा. एखादा कलंडलेला, एखादा केसांना खेटलेला. मागच्या बाजूला ‘ई प्लुरिबस युनम’ या ब्रीदातल्या ‘प्लुरिबस’मधला आय हा वरच्या अक्षरांतल्या टीच्या कुठल्या कडेखाली येतो ते बघायचं. अल ओव्हर्टन यांनी १९६७मध्ये हे सगळं पुस्तकात मांडलं आणि पुढच्या-मागच्या डायच्या प्रत्येक जोडीला क्रमांक दिला. एक डाय मोडला की दुसरा नव्या जोडीदाराबरोबर नांदायला जायचा. इथले लोक त्याला डायचं लग्नच म्हणतात. साताऱ्याला आजोबांच्या डब्यातल्या शिवराया चाळताना ‘शिव’ कुठे ऱ्हस्व, कुठे दीर्घ, कुठे ‘सिव’ असा बघत मी वाढले, त्यामुळे हा खेळ मला नवा नव्हता.

तारे जुळेनात. १८१७/४च्या डायवरचे तारे वेगळे बसलेत. हा साध्या १८१७चा डाय होता. मग दिवा आडवा धरला आणि उरलीसुरली शंकाही गेली. डायमध्ये राहून गेलेला जुना आकडा नाण्यावर उंचवटा होऊन उमटतो. ही रेघ खोलगट होती. कधीतरी कुणाच्या तरी खिशात पडलेला ओरखडा.

त्यांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प.

“पण बाबांनी लिहून ठेवलंय.”

“त्यांनी पुढे प्रश्नचिन्हही घातलंय,” मी म्हटलं.

मी पावतीवर ओव्हर्टनचा क्रमांक लिहिला आणि नाणं परत पाकिटात सरकवायला घेतलं. तेव्हा झाकणाच्या आतल्या बाजूला तसंच बारीक अक्षर दिसलं: ‘१७/४ नाही. १९८९.’ आणि खाली ओव्हर्टनचा क्रमांक. म्हणजे १८ वर्षं हा माणूस त्या रेघेशी झुंजला होता, आणि शेवटी स्वतःच निकाल देऊन मोकळा झाला होता. पोराला मात्र बाहेरचं प्रश्नचिन्हच काय ते दिसलं.

पण त्यांचा क्रमांक आणि माझा क्रमांक एक नव्हता.

पुन्हा भिंग. पुढची बाजू बरोबर होती. मागची मात्र मी सवयीने गृहीत धरली होती. त्याच दर्शनी डायने दोन वेगवेगळ्या मागच्या डायांशी संसार केला होता, आणि मी पहिल्याचंच नाव लावून मोकळी झाले होते. आय आणि टी नीट बघितले. म्हातारा बरोबर होता.

“यानं किमतीत काही फरक?” मुलाने विचारलं.

“शून्य. दोन्ही जोड्या सारख्याच सहज मिळणाऱ्या.”

“मग खोडताय कशाला?”

मी खणात रबर शोधत होते.