चाव्यांच्या आधीचं समाधान

क्रॉनबाखचा अल्फा, म्हणजे प्रश्नावलीतली उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, 0.9 च्या पुढे गेला की एम. ई.ची पोरं पेढे वाटायच्या बेतात येतात. माझा निफाडचा विद्यार्थी त्या शुक्रवारी तसाच आला होता. लॅपटॉप टेबलावर ठेवला, आकडा दाखवला आणि म्हणाला, "मॅडम, रिलायबिलिटी एकदम कडक."

पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी सिव्हिलच्या एम. ई.ला, कन्स्ट्रक्शन अँड मॅनेजमेंटला, शिकवते. त्याचा विषय होता गृहप्रकल्पातल्या ग्राहकांचं समाधान. हा विषय दरवर्षी कुणी ना कुणी घेतंच. काँक्रीटचे क्यूब भरायला नकोत, फोडायला नकोत, लॅबवाल्या मामांच्या विनवण्या नकोत. पॅरासुरामन, झाइटहॅमल आणि बेरी या तिघांनी 1988 मध्ये मांडलेली सर्व्हक्वालची, म्हणजे सेवेचा दर्जा मोजणाऱ्या प्रश्नावलीची, 22 विधानं उचलायची, त्यात बिल्डर बसवायचा, लायकर्टची पाच घरं आखायची, 'मुळीच पटत नाही'ला एक ते 'पूर्ण पटतं'ला पाच, आणि फॉर्म वाटायचे. एवढ्यावर निम्मी डिसर्टेशन्स निघतात.

अल्फाचं एक लबाड अंग आहे, ते पोरांना वर्गात सांगून पटत नाही. सगळ्या विधानांना माणूस एका सुरात उत्तरं देतो का, एवढंच तो आकडा पाहतो. एकाने न वाचता खालपर्यंत पाच-पाच केलं, दुसऱ्याने चार-चार, तिसऱ्याने तीन-तीन, तर अल्फा खुशाल एकाच्या जवळ जातो. म्हणून प्रत्येक फॉर्ममध्ये एक विधान मी उलटं घालायला लावते. याच्या फॉर्ममध्ये ते असं होतं: 'दुरुस्तीसाठी मला पुन्हा पुन्हा पाठपुरावा करावा लागला.' गणित करण्याआधी त्याचे गुण फिरवून घ्यायचे असतात, पाचाचा एक, चाराचे दोन असे. ते याने फिरवलेच नव्हते आणि तरी अल्फा आभाळाला टेकला होता. मी त्याला शेजारचे दोन रकाने वाचायला सांगितले. 'माझ्या तक्रारींची लगेच दखल घेतली गेली' याला पाच. 'पुन्हा पुन्हा पाठपुरावा करावा लागला' यालाही पाच. फॉर्मामागून फॉर्म तसेच.

"भरून कुणी घेतले हे?"

"ऑफिसनेच, मॅडम. मी कोरे देऊन आलो होतो, त्यांनी ताबा देताना भरून ठेवले. एकदम गठ्ठाच मिळाला."

गठ्ठा मिळाला म्हणूनच तो खूश होता आणि मला नेमकी तिथेच शंका येत होती. दुसऱ्या दिवशी शनिवार. आम्ही रावेतला त्या प्रकल्पावर जायचं ठरवलं. सोबत साताऱ्याची माझी दुसरी विद्यार्थिनी होती. डिप्लोमानंतर दोन वर्षं साइटवर काढून, पैसे साठवून ती पुढे शिकायला आलेली, आणि तिचा विषय बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगमधले दोष. दोघांचे विषय वेगळे, त्यामुळे एकमेकांच्या कामात दोघांनाही काडीचा रस नव्हता.

सोसायटी नुकतीच उभी राहत होती. चिटणीस म्हणून ज्यांच्या गळ्यात माळ पडली होती त्या गृहस्थांनी आम्हाला गेटवरून आत घेतलं आणि म्हणाले, "फॉर्म भरायचाय म्हटलंत तर दार उघडणार नाहीत. घर दाखवा म्हणा."

तसंच केलं. पाचव्या मजल्यावर एका निवृत्त शिक्षिकेने दार उघडलं. निफाडकराने गठ्ठ्यातला त्यांचा फॉर्म आधीच काढून ठेवला होता. वरपासून खालपर्यंत पाच. काकूंनी पाणी दिलं, खाली कोण राहतं, वर कोण राहतं ते सांगितलं, आणि मग थेट आतल्या बेडरूममध्ये नेऊन कपाट जरा पुढे ओढायला लावलं.

कपाटामागची भिंत स्कर्टिंगपासून गुडघ्यापर्यंत ओली. रंगाला फोड आलेले, पापुद्रे सुटलेले, मधे मधे पांढरा खार. मार्च संपत आला होता, बाहेर ऊन रटरटत होतं आणि ही भिंत तर घराच्या आतली, म्हणजे पावसाच्या नावावर काही ढकलायची सोय नव्हती. भिंतीपलीकडे बाथरूम.

साताऱ्याची पोरगी तोवर बोलली नव्हती. ती खाली बसली, ओल कुठवर चढलीय ते बोटाने पाहिलं आणि विचारलं, "काकू, ही भिंत मध्ये कधी वाळली होती का?"

"जानेवारीत लेकीकडे होतो महिनाभर. आलो तेव्हा वाळल्यासारखी वाटली. मग परत सुरू."

"जाताना मेन कॉक बंद केला होता?"

काकूंनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "नाही गं. शेजारीण झाडांना पाणी घालायला यायची, म्हणून चालूच ठेवला होता."

माझ्या लक्षात आलं ती कुठे निघालीय. भिंतीतली पाण्याची लाइन गळत असती, तर कॉक चालू असेपर्यंत ती दिवसरात्र गळली असती, घरात माणूस असो वा नसो. बाथरूम वापरात नसताना भिंत वाळली, म्हणजे पाणी फरशीवरून किंवा सांडपाण्याच्या जोडातून जातंय. ती बाथरूममध्ये गेली, पर्समधून नाणं काढलं आणि फरशा वाजवत सुटली. दाराकडच्या बऱ्याचशा भरीव, भिंतीलगतची एक पूर्ण ओळ पोकळ. मग तिने मगभर पाणी ओतलं. पाणी न्हाणी ट्रॅपकडे न जाता त्या पोकळ ओळीच्या कोपऱ्यात गेलं आणि तिथेच बसलं. ढाळच उलटा. फरशीखाली विटांच्या तुकड्यांचा ब्रिकबॅट कोबा असतो, त्याच्यावर वॉटरप्रूफिंगचा थर. फरशांच्या सांध्यातून थोडं पाणी खाली जातंच. कोब्याला ढाळ नीट असेल तर ते ट्रॅपपर्यंत सरकतं. इथे ते भिंतीच्या पायाशी साठत होतं, गिलावा ते शोषून वर ओढत होता, पाणी उडून जात होतं आणि खार मागे राहत होता. कोब्याची चाचणी म्हणून पाणी भरून ठेवतात, ती इथे झाली असेलही. पण ढाळ चुकलाय हे तुंबवून ठेवलेलं पाणी सांगत नाही, ते वाहतं करूनच बघावं लागतं.

ताबा विभागाचा माणूस येऊन काकूंना सांगून गेला होता की काकांच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुम्ही बाथरूममध्ये धरायला दांडी बसवलीत, त्या ड्रिलने वॉटरप्रूफिंग फुटलं. दांडी समोरच्या भिंतीवर, कमरेच्या उंचीला. साताऱ्याची काही बोलली नाही, फक्त मोबाइलवर दोन्ही भिंतींचे फोटो एका चौकटीत येतील असे काढून घेतले.

निफाडकर एवढा वेळ फॉर्म हातात धरून दारात उभा होता. शेवटी त्याला राहवेना. "काकू, पण तुम्ही तर 'बांधकामाच्या दर्जाबाबत समाधानी' याला पाच दिलेत."

"दिलेत ना. चाव्यांचं पाकीट ऑफिसातल्या बाईंच्या ड्रॉवरमध्ये होतं. ताबापत्रावर सही, पार्किंगच्या कागदावर सही, तुझ्या या फॉर्मवर सही, की मग चाव्या. आम्ही तेव्हा भाडंही भरत होतो आणि हप्ताही भरत होतो. दसऱ्याला वास्तुशांत धरलेली, गुरुजी सांगून ठेवलेले. तू काय केलं असतंस?"

त्याने फॉर्म घडी करून बॅगेत ठेवला.

फॉर्मचं आणखी एक विधान काकूंनी स्वतःच वाचून काढलं: 'प्रकल्पाच्या आखणीत माझ्या गरजा विचारात घेतल्या गेल्या.' त्या मनापासून हसल्या. हे विधान विलायतेतून आलेलं. तिकडे बांधकाम उद्योगावर 1994 मध्ये लॅथमचा आणि 1998 मध्ये इगनचा अहवाल आला, त्यानंतर ग्राहकाचं समाधान हा बांधकामातला मोजायचा आकडा झाला. पण तिथला ग्राहक म्हणजे स्वतःसाठी इमारत बांधून घेणारा: रुग्णालय, दुकानांची साखळी, सरकारी खातं. तो आर्किटेक्टबरोबर बसतो, नकाशे परत पाठवतो, कंत्राटदार बदलू शकतो. रावेतमध्ये दोन बेडरूमचा फ्लॅट घेणाऱ्याने बांधून काहीच घेतलेलं नसतं. तो तयार होत असलेल्या मालावर वीस वर्षांचं कर्ज काढतो. त्याला तेच 22 प्रश्न विचारायचे आणि खाली सरासरी काढायची, हा प्रकार मला बरीच वर्षं खुपतोय. पण शोधनिबंधांत तसंच चालतं आणि पोरांना शोधनिबंध छापून आणायचे असतात.

आणखी काही घरं पाहिली. एका घरात बांधकामाला नाव ठेवायला जागा नव्हती आणि तिथले गृहस्थ सगळ्यात जास्त चिडलेले होते, ताबा उशिरा मिळाला म्हणून. एका घरात खिडकीच्या चौकटीतून पहिल्या पावसात पाणी आलेलं, तरी बाई खूश. साइटवरचा एक तरुण इंजिनिअर त्यांचा फोन दर वेळी उचलतो, येऊन बघून जातो, एवढंच कारण. खिडकी अजून तशीच आहे. एका घरात भाडेकरू होते, त्यांनी मालकाला विचारून सांगतो म्हटलं.

परतताना निगडीजवळ चहाला थांबलो. निफाडकर बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मॅडम, रागावणार नसाल तर एक बोलू? कॉलेजचा फीडबॅक पण असाच असतो. हॉल तिकीट डाउनलोड व्हायच्या आधी ती लिंक उघडते. फीडबॅक भरल्याशिवाय पुढचं पान येतच नाही. एका मिनिटात सगळीकडे पाच."

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते पोराच्या तोंडून आणि त्या काकूंच्या घरून निघाल्यावर ऐकणं वेगळं होतं. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकने 2017 मध्ये चौकट बदलली तेव्हा विद्यार्थ्यांच्या समाधानाचं सर्वेक्षण हा स्वतंत्र मुद्दा झाला. मागे पडणाऱ्या मुलांसाठी तुम्ही काय वेगळं करता, हेही त्यात विचारलेलं असतं. मग विभागाच्या कपाटात फाइल तयार होते: जादा तासांचं वेळापत्रक, हजेरी, तास घेतानाचे फोटो आणि शेवटी मुलांचे अभिप्राय, खूप फायदा झाला म्हणून. संख्याशास्त्राच्या जादा तासांच्या हजेरीत या मुलाच्या सह्या आहेत. ते तास मीच घेतले होते.

"मग संख्याशास्त्र कळलं कुणाकडून?" मी विचारलं.

"हॉस्टेलवर एक सिनिअर आहे, येवल्याचा. त्याने बाजार समितीच्या भावावरून सांगितलं. किमान, कमाल आणि सर्वसाधारण. माझे वडील सर्वसाधारण भाव बघून कधीच कांदा नेत नाहीत. ते किमान बघतात, आणि त्या दिवशी आवक किती झाली ते बघतात. तिथे मला कळलं की नुसत्या सरासरीला काही अर्थ नसतो." थोडं थांबून तो म्हणाला, "आणि तरी मी सरासरीच काढून आणली."

साताऱ्याची तेव्हा पहिल्यांदा हसली. तिथेच, चहाच्या टेबलावर, त्या दोघांनी विषय उलटापालटा केला. गठ्ठ्यातले फॉर्म टाकायचे नाहीत, पण ते समाधान म्हणून नव्हे, ताब्याच्या दिवसाचा कागद म्हणून वापरायचे. दुसरा फॉर्म काही महिने राहून झाल्यावर, घरात बसून, बिल्डरच्या माणसाशिवाय भरायचा. आणि प्रत्येक तक्रारीच्या तीन तारखा मिळवायच्या: सांगितली कधी, कुणी बघायला आलं कधी, दुरुस्त झाली कधी. तिला दोषांची यादी हवीच होती, त्यामुळे दारं एकदाच ठोठवायची.

बिल्डरच्या ऑफिसने तक्रारवही दाखवायला नकार दिला, पुढे फोनही उचलेनासे झाले. चिटणिसांनी मात्र सोसायटीकडचे सगळे ईमेल काढून दिले. काकूंचं पत्र त्या दोघांनी मिळून लिहिलं. घरखरेदीदारांसाठीच्या 2016 च्या रेरा कायद्याचं कलम 14(3), ताब्यापासून पाच वर्षांत कामातला दोष निघाला आणि तो कळवला तर 30 दिवसांत विनामोबदला दुरुस्ती. ती मुदत ताब्याच्या तारखेपासून मोजतात, ड्रॉवरमधल्या फॉर्मशी तिचा संबंध नाही. फोटो जोडले, दोन्ही भिंती एका चौकटीत. बिल्डरने फरशी उखडून कोबा नव्याने केला, पण 30 दिवसांत नव्हे. पावसाळा अर्धा सरला होता.

वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अपेक्षित प्रश्न विचारलाच: प्रतिसाद इतके कमी का, आणि अल्फा इतका साधारण का? निफाडकराने दोन फॉर्म पडद्यावर शेजारी शेजारी लावले. दोन्ही काकूंचेच, एक दसऱ्याच्या आदल्या आठवड्यातला आणि एक एप्रिलमधला. परीक्षक थोडा वेळ बघत राहिले आणि मग त्यांनी स्वतःच्या फ्लॅटची गोष्ट सांगायला सुरुवात केली. ती बरीच लांबली.

फीडबॅकची लिंक निकालानंतर उघडा, असं मी विभागाच्या बैठकीत मांडलं. निकालानंतर कुणी भरणारच नाही, असं उत्तर आलं आणि ते खरंही आहे. पुढच्या सत्रालाही ती हॉल तिकिटाच्या आधीच उघडली. नव्या बॅचच्या संख्याशास्त्राला मीच होते. निकालात सगळीकडे पाच आणि चार, मध्येच एका ओळीत सलग वेगवेगळे आकडे, आणि 'शिक्षक वर्गाकडे पाहून शिकवतात' यासमोर दोन. नाव नसतंच. त्या शंभर टक्के निनावी कागदावर येवल्या-निफाडकडचा वास मला येत होता. पण तो पोरगा तर पास होऊन नोकरीला लागला होता. फोन करून विचारलं तर म्हणाला, "माझा चुलतभाऊ आहे मॅडम या बॅचला. मी त्याला तीन दे म्हटलं होतं."