बीपीवर थिसिस करताय? मग गाईडला एकदा तरी फील्डवर न्या

सिनॉप्सिसचा, म्हणजे थिसिसच्या आराखड्याचा, सीझन आला की रेसिडेंट्सचे, म्हणजे पीजी करणाऱ्या डॉक्टरांचे, मेसेज सुरू होतात, मॅडम हायपरटेन्शनवर (हाय बीपीवर) काहीतरी टॉपिक सुचवा ना, म्हणजे सॅम्पल पटकन होतं, मशीन स्वस्त, आणि मोजायला काय दोन मिनिटं. सॅम्पलचं खरंय, 2023 मध्ये आलेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशभरच्या सर्व्हेच्या आकड्यांप्रमाणे देशातल्या 35.5 टक्के मोठ्या माणसांना हायपरटेन्शन आहे, पेशंट शोधत फिरावं लागत नाही. गाडी अडते ती त्या दोन मिनिटांवर.

ट्रेनिंग आपल्याकडे नाहीच असं नाही. चेन्नईच्या एनआयई या आयसीएमआरच्या संस्थेचा ऑनलाइन रिसर्च कोर्स पीजींना करावाच लागतो आणि तो चांगलाय, डिझाइन, सॅम्पल साइझ, एथिक्स सगळं नीट शिकवतात. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ हायपरटेन्शन तरुण संशोधकांना सीनियर मेंटॉर मिळवून देते, तिकडेही बघा. पण दंडाला कफ बांधणं व्हिडिओ बघून येत नाही, त्याला शेजारी उभं राहून टोकणारं माणूस लागतं, आणि आपल्याकडे गाईड म्हणजे बऱ्याचदा सही करणारा, झालं.

फील्डवर काय असतं ते सांगते. ओसरीत खाटेवर बाई बसलीये, पाठीला टेका नाही, पाय लोंबकळतायत, हात मांडीवर, ब्लाउजची बाही वर सरकवून दंडाला करकचून बसलीये आणि शेजारीण मध्येच विचारते, किती आलं गं? प्रोटोकॉलमध्ये मात्र पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकवून, हात हृदयाच्या लेव्हलला ठेवून असं सगळं लिहिलेलं असतं. 2024 मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी मोजून दाखवलंय की हात नुसता मांडीवर असला तरी वरचं बीपी सरासरी 4 ने जास्त येतं आणि बाजूला लटकता सोडला तर 6-7 ने. 4 ने काय होतंय असं वाटेल, पण हायपरटेन्शनची रेघ 140 ला, 138 वाली बाई 142 झाली की तुमच्या टेबलमध्ये ती पेशंट झाली ना.

आणि मिश्री! फॉर्मवर विचारलेलं असतं धूम्रपान करता का, सकाळीच मिश्री लावून बसलेली मावशी नाही म्हणते, तिचं काय चुकलं, ती कुठे विडी ओढते. निकोटिनने बीपी चढायचं ते चढतंच. हे मला कुठल्या कोर्सने नाही, आमच्या आशाताईंनी सांगितलं, त्यामुळे माझ्या लेखी आशाताईसुद्धा मेंटॉरच.

माझे एक सर होते, डेटा आला की स्टॅटिस्टिक्सची कुठलीही टेस्ट लावू द्यायचे नाहीत, आधी म्हणायचे, "शेवटचा आकडा मोज," म्हणजे रीडिंगच्या शेवटी कुठला आकडा किती वेळा आलाय ते बघ. पाऱ्याच्या मशीनवर दोन-दोनच्या खुणा असतात, म्हणजे 0, 2, 4, 6, 8 प्रत्येकी साधारण 20 टक्के यायला हवेत. निम्मी रीडिंग्ज शून्यावर संपत असतील तर मोजणारा राऊंड फिगर करतोय, आणि नेमकं 140 लाच आपण रेघ मारलेली असते. डिजिटल मशीनवर तर दहाही आकडे जवळपास सारखे यायला पाहिजेत. तिथेही शून्यांचा ढीग दिसला तर ते आकडे मशीनने दिलेलेच नाहीत, कुणीतरी हॉस्टेलवर बसून भरलेत, आणि हे तोंडावर विचारायला गाईडमध्ये धमक लागते, एक्सेलची शीट स्वतः उघडायची सवय तर त्याच्याही आधी लागते.

गंमत म्हणजे सरकारी प्रोग्रॅममध्ये हे जास्त बरं जमलंय असं माझं मत. 2017 मध्ये सुरू झालेल्या इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्हमध्ये आपल्याकडचे सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा हे जिल्हे पहिल्यांदा होते, तिथे ट्रीटमेंट सुपरवायझर पीएचसीत जाऊन सिस्टरांच्या शेजारी बसून पेशंटची कार्डं बघायचे. रिसर्चमध्ये एवढं कोण कुणासाठी जातं?

मी ज्युनियर्सबरोबर आता एवढंच करते, सुरुवातीचे काही पेशंट आम्ही दोघं मोजतो, तोच दंड, तीच खुर्ची, मध्ये एक मिनिट थांबून, एकमेकांचा आकडा न बघता, आणि मग कागद शेजारी-शेजारी ठेवून बघतो. फरक पडला की भांडण होतं, पण फॉर्म सुधारतो. अजून एक, जाड दंडाला नेहमीचा कफ लावला की बीपी भलतंच जास्त दाखवतं, तेव्हा मोठ्या कफचे पैसे सिनॉप्सिसच्या बजेटमध्ये आत्ताच धरा, नंतर मागायला गेलात की डिपार्टमेंट हात वर करतं.