ऑफिसच्या टेबलांपर्यंत पोचणारी कार्यशाळा

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमावलीनुसार सहायक प्राध्यापकाला वेतनाच्या लेव्हल १० वरून ११ वर जायचं तर २१ दिवसांचा ओरिएंटेशन वर्ग करावाच लागतो. म्हणून शिक्षक प्रशिक्षणाला जातात. लिपिक, प्रयोगशाळा सहायक, ग्रंथालय परिचर यांचा त्या नियमावलीत विषयच नाही. आणि कॉलेजचे प्रवेश, परीक्षा, शिष्यवृत्ती हे सगळं त्यांच्याच हातून जातं! कॉलेजने वर्षाला एकच कार्यशाळा घ्यायची ठरवली, तर ती ऑफिससाठी घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

विषय एकच धरा. मुंबईतल्या बहुतेक कॉलेजांत आजही उपयोगी पडेल असा विषय म्हणजे जुन्या फॉन्टमधल्या मराठी फायली युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच कोड असलेल्या पद्धतीत, आणणं. जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं फक्त दिसायला असतात; आत साठवलेले असतात रोमन अक्षरांचे कोड. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की सगळा मजकूर अगम्य होतो. शोध चालत नाही, नावं अकारविल्हे लागत नाहीत.

प्रत्येकाने स्वतःच्या टेबलावरची खरी फाइल आणावी, नमुन्याची नको. आधी तिची प्रत काढून मूळ फाइल बाजूला ठेवायची. मग नेमका फॉन्ट ओळखून त्याचाच कन्व्हर्टर (जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्रॅम) वापरायचा आणि सुरुवातीला एकच पान बदलून बघायचं. हमखास फसतं ते इंग्रजी मजकुरापाशी. कन्व्हर्टर ईमेल पत्ता आणि विषयाचं इंग्रजी नावही जुना कोड समजून बदलून टाकतो, म्हणून तेवढा भाग आधी वेगळा काढायचा. नंतर रफार, पहिली वेलांटी, जोडाक्षरं आणि आकडे डोळ्यांनी तपासायचे. विद्यार्थ्यांच्या नावांची यादी तर दोघांनी मिळून वाचावी: एकाने मोठ्याने, दुसऱ्याने मूळ फाइलवर बोट ठेवून.

युनिकोडमधल्या टायपिंगला निम्मा वेळ द्या. रेमिंग्टनवर (जुन्या टाइपरायटरच्या कळ-मांडणीवर) हात बसलेल्यांना इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांची प्रमाण कळ-मांडणी सुरुवातीला जड जाते, हे मान्य करूनच शिकवावं. ‘दुसऱ्या’मधलं ‘ऱ्या’ इनस्क्रिप्टमध्ये बहुतेकांना सापडत नाही: शिफ्ट धरून जे, मग डी, मग प्रश्नचिन्हाची कळ (शिफ्टशिवाय), शेवटी काना.

एका लॅबमध्ये वीसच जण, प्रत्येकाला स्वतंत्र संगणक, फिरून मदत करायला दोघे. दीपप्रज्वलन आणि सत्कार दहा मिनिटांत उरका. रविवार टाळा, मेगाब्लॉकमध्ये विरार-बदलापूरहून येणाऱ्यांचे हाल होतात. जून-जुलैत प्रवेशाची खिडकी सोडून कोणी येऊ शकत नाही आणि परीक्षांचे आठवडेही नकोतच. त्या दिवशी काउंटरवर कोण बसणार हे प्राचार्यांनी लेखी ठरवून द्यावं, नाहीतर दर पंधरा मिनिटांनी कोणीतरी उठून जातं.

महिन्याभराने ऑफिसची ताजी नोटीस बघा. पीडीएफ नुसती बघून कळणार नाही, कारण तिच्यात फॉन्ट आतच भरलेला असतो. तिच्यातली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर पेस्ट करा. मराठी उमटलं नाही, तर त्या टेबलाशेजारी खुर्ची ओढून अर्धा तास बसा.