तुम्ही विचारलंत म्हणून: बर्फाच्या डोंगराची वीज

राहुरीला घरी गेले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी हा प्रश्न येतोच. कधी लग्नाच्या पंगतीत, कधी बँकेच्या रांगेत. "तुमच्या तिकडे डोंगरावर यंत्रानं बर्फ पाडतात म्हणे. आणि तीच मंडळी पर्यावरण वाचवा म्हणतात. खरंच काही करतात, का नुसता देखावा?"

आमच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, हाच प्रश्न सर्वांत नेमका विचारला. त्यांची उभी हयात साखर कारखान्यात, बॉयलर आणि टर्बाइनशेजारी गेली. ओसरीवर बसल्या बसल्या म्हणाले, "पोरी, पाण्याचा बर्फ करायचा तर कंप्रेसर लागणार. कंप्रेसरला वीज लागणार. वीज कोळशाची. म्हणजे कोळसा जाळून बर्फ करायचा, आणि कोळशामुळं बर्फ वितळतो म्हणून रडायचं. हे कोडं मला सोडवून सांग."

त्या दिवशी मला धड सांगता आलं नाही. आता सांगते.

मी गेली चौदा वर्षं अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात बसाल्ट नावाच्या छोट्या गावी राहते. इमारतींना वीज आणि गॅस किती लागतो, तो कुठे वाया जातो हे तपासणं हा माझा व्यवसाय. इथून साधारण तीस किलोमीटर वर दरीच्या टोकाला अ‍ॅस्पेन आहे. चांदीच्या खाणींचं हे गाव, १८९३ मध्ये चांदीचा भाव कोसळल्यावर ओस पडलं. १९४६ मध्ये तिथे स्कीइंगची, म्हणजे पायाला पट्ट्या बांधून बर्फावरून घसरायच्या खेळाची, कंपनी निघाली आणि गाव पुन्हा उभं राहिलं. आज त्या कंपनीकडे चार डोंगर आहेत. त्यांतला सर्वांत मोठा स्नोमास, माथा ३,८०० मीटरच्या वर. मी तिथे नोकरीला नाही. पण ही दरीच त्या बर्फावर जगते, तेव्हा मीही जगते. आपल्याकडे कारखान्यात नसलेला माणूसही कारखान्यावर जगतो, तसंच. हंगामही कारखान्यासारखाच बघा. नोव्हेंबरच्या अखेरीस लोकांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्ट सुरू होतात, एप्रिलच्या मध्याला पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो.

आधी यंत्राच्या बर्फाचं. त्यात जादू काही नाही. दाबाची हवा आणि पाणी एकत्र फवारायचं, थेंब जमिनीवर पडण्याआधी हवेतच गोठतात. हवा कोरडी असेल तर पारा शून्याच्या किंचित वर असतानाही जमतं. दमट असेल तर बरीच जास्त थंडी लागते. सगळ्या डोंगरावर असा बर्फ घालत नाहीत, हंगामाच्या सुरुवातीला मुख्य उतारांवर पायाचा थर घालतात. या बर्फातलं बहुतांश पाणी वसंतात वितळून ओढ्याला परत मिळतं, त्यामुळे पाणी संपवलं असं म्हणता येणार नाही. पण ते उचलतात नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, ओढ्याला धार कमी असते तेव्हा. मासे त्याच धारेवर असतात.

पाटपाण्याच्या मुलखात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे वर्षाला एकूण पाणी किती यापेक्षा पाटाचं आवर्तन कधी सुटलं आणि टेलपर्यंत, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकापर्यंत, पोचलं का, यावर भांडणं होतात. इथेही झाली. स्नोमास ओढ्यात किमान किती पाणी राहिलंच पाहिजे हा वाद, बर्फासाठी पाणी उचलायच्या काळात, १९९५ साली कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. राज्याच्या पाणी मंडळाने एकदा ठरवून घेतलेली किमान धार परस्पर कमी करता येणार नाही, असा निकाल लागला. प्रवरा आणि जायकवाडीचं भांडण ऐकत मोठी झालेली मी, हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा उठून चहा टाकला आणि पुन्हा वाचायला बसले.

आता विजेचं, म्हणजे आप्पांच्या मूळ कोड्याचं.

हॉटेलच्या न्हाणीघरात चिठ्ठी असते: टॉवेल पुन्हा वापरा, पृथ्वी वाचवा. टॉवेल जरूर वापरा. पण त्याच इमारतीबाहेरचा रस्ता बर्फ साचू नये म्हणून खालून नळ्या घालून तापवलेला असतो. अशा रस्त्यांचे आणि गरम पाण्याच्या हौदांचे आकडे मी स्वतः मोजलेत. टॉवेलाची बचत त्यापुढे दिसतसुद्धा नाही. ज्यांना यातलं कळतं त्यांनी या चिठ्ठ्यांवर समाधान मानू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्नोमासवर एक छोटी शेड आहे. बर्फ करायला डोंगरावर पाइप टाकलेलेच होते आणि ते वर्षातले बरेच महिने रिकामे पडून राहायचे. वसंतात वितळलेलं पाणी त्याच पाइपांतून खाली सोडायचं आणि तळाशी चाक फिरवायचं, एवढी साधी कल्पना. २००४ मध्ये हे केलं. ११५ किलोवॅटचा संच. कारखान्यातल्या टर्बाइनच्या मानाने खेळणंच. पण मी पहिल्यांदा त्या शेडच्या भिंतीला हात लावून उभी राहिले तेव्हा आतला थरथराट तळव्यात आला आणि आप्पांबरोबर लहानपणी पाहिलेलं टर्बाइन हाउस आठवलं. डोंगरावरचं पाणी पडतंय, आणि त्यासाठी नवा धोंडासुद्धा फोडावा लागलेला नाही.

तरी एवढ्याने चार डोंगरांच्या लिफ्ट चालत नाहीत. खरी मोठी गोष्ट डोंगराच्या पलीकडे घडली, कोळशाच्या खाणीत.

सॉमरसेट नावाच्या गावाजवळ एल्क क्रीक ही खाण होती. कोळशात मिथेन वायू अडकलेला असतो. तो खाणीत साठला तर स्फोट होतो, म्हणून मजुरांच्या जिवासाठी तो बाहेर काढून हवेत सोडून देतात. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो, वीस वर्षांच्या हिशेबाने ८० पटींच्या आसपास. स्कीइंग कंपनीने पैसे घातले, स्थानिक वीज संस्था वीज घ्यायला तयार झाली, आणि २०१२ मध्ये त्या वायूवर चालणारा ३ मेगावॅटचा प्रकल्प उभा राहिला. पूर्ण ताकदीने वर्षभर चालला तर तो २.६ कोटी युनिट देतो. चारही डोंगर, हॉटेलं आणि लिफ्ट मिळून कंपनीला वर्षाला साधारण तेवढीच वीज लागते. पुढे खाणीतलं काम थांबलं. वायू मात्र थांबत नाही, खाण सोडून दिली तरी तो झिरपतच राहतो.

हे मी आप्पांना फोनवर सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, "म्हणजे बगॅसचं को-जन." अगदी तेच. रस काढून उरलेला चोथा बॉयलरला घालायचा आणि जास्तीची वीज ग्रिडला विकायची, हे आपले कारखाने कितीतरी वर्षं करतात. फरक एवढाच की चोथा पडून राहिला तर कुजतो, आणि हा वायू सुटला तर आभाळ तापवतो.

इथे यावर टीका झाली. कोळशाच्या खाणीशी हातमिळवणी कशाला, जाळल्यावर कार्बन डायऑक्साइड होतोच ना, असं लोक म्हणाले. होतो. पण मिथेन तसाच सोडण्यापेक्षा जाळलेला पुष्कळ बरा, हा हिशेब मला पटतो. शिवाय ज्या खाणमजुरांना पर्यावरणवाले आपले शत्रू वाटत, त्यांच्या दारात जाऊन, त्यांच्या यंत्रांशेजारी हे काम झालं. याचं मोल युनिटांत मोजता येत नाही, तरी मी ते मोठं मानते.

पण तुम्ही मला एकच गोष्ट सांग म्हणालात, तर मी खाणीची नाही सांगणार. वीज संस्थेची सांगेन.

आमच्या दरीला वीज देते ती होली क्रॉस एनर्जी ही सहकारी संस्था आहे. बिल भरणारा प्रत्येक जण सभासद, आणि संचालक मंडळ सभासदांनी निवडून दिलेलं. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटलं. मी मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेचं बिल येणाऱ्या घरात वाढले. २०११ पर्यंत आमच्या भागात वीज त्याच संस्थेची होती. सहकाराची निवडणूक काय असते, पॅनेल कसं बांधतात, सभासद यादी हातात घेऊन दारोदार कसं फिरतात, हे मी शाळेत असल्यापासून पाहिलेलं.

या होली क्रॉसने प्वेब्लो इथल्या ७५० मेगावॅटच्या कोळशाच्या संचात ८ टक्के वाटा घेतला होता. तो संच २०१० मध्ये सुरू झाला. म्हणजे आप्पा म्हणाले ते खरंच होतं, आमच्या लिफ्टमागे कोळसा होता. स्कीइंग कंपनी या संस्थेच्या सर्वांत मोठ्या ग्राहकांपैकी एक. कंपनीच्या पर्यावरण विभागाचं काम अनेक वर्षं पाहिलेले ऑडेन शेंडलर आणि त्यांच्यासारखे दरीतले इतर लोक यांनी एक गोष्ट ओळखली. दिवे बदलून दहा टक्के वीज वाचेल, पण वीज येते कुठून हे संचालक मंडळ ठरवतं. म्हणून त्यांनी मंडळाच्या निवडणुकीत लक्ष घातलं. स्वच्छ विजेची बाजू घेणारे उमेदवार उभे राहिले, त्यांच्यासाठी खटपट झाली, काही हरले, काही निवडून आले. हे वर्षानुवर्षं चाललं. डिसेंबर २०२० मध्ये होली क्रॉसने २०३० पर्यंत शंभर टक्के स्वच्छ वीज देण्याचं लक्ष्य जाहीर केलं. आज संस्थेची अर्ध्याहून जास्त वीज स्वच्छ आहे. त्याचा लाभ स्कीइंगवाल्यांपुरता नाही. माझ्या भाड्याच्या घराला, शाळेला, कोपऱ्यावरच्या बेकरीला तीच वीज येते.

असंच एक काम स्कीइंग कंपनीने न्यायालयात केलं. मोटारींच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड हा प्रदूषक मानायचा का, हा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात होता. त्यात अ‍ॅस्पेनच्या या कंपनीने आपलं लेखी म्हणणं मांडलं की हवामान बदललं तर आमचा धंदाच उरत नाही. २००७ चा निकाल प्रदूषक मानण्याच्या बाजूने लागला. एका निवेदनाने निकाल फिरला असं कोणी म्हणणार नाही. तरी टॉवेलाच्या चिठ्ठीपेक्षा हे काम मला शंभर पट मोलाचं वाटतं.

३ जुलै २०१८ ची संध्याकाळ मी विसरणार नाही. आमच्या गावाला लागून असलेल्या नेमबाजीच्या मैदानावर ठिणगी पडली आणि लेक क्रिस्टीन परिसराला वणवा लागला. त्या वर्षी बर्फ कमी पडला होता, डोंगर वाळलेला होता. दुसऱ्या रात्री ज्वाळा कड्यावरून खाली आल्या. आम्ही पासपोर्ट, आईचा फोटो आणि औषधं एवढंच घेऊन गाडीत बसलो. बारा हजार एकरांहून जास्त जंगल जळालं, तीन घरं गेली. वर जाणाऱ्या वीजवाहिन्यांचे खांब जळाले आणि अ‍ॅस्पेन-स्नोमास अंधारात जाता जाता वाचलं. हिवाळ्यात बर्फ कमी पडला की उन्हाळ्यात काय होतं, हे त्या रात्री राखेच्या वासासकट कळलं. त्यानंतर मला कोणी "स्कीइंग म्हणजे श्रीमंतांचा खेळ, बर्फ गेला तर गेला" म्हणालं, तर मी गप्प बसत नाही. डोंगरावरचा बर्फ हेच इथलं धरण आहे. ते हळूहळू सुटतं म्हणून कोलोरॅडो नदीला उन्हाळ्यात पाणी असतं, आणि त्या नदीवर सात राज्यं आणि मेक्सिकोपर्यंतची शेती बसलेली आहे.

आता जे जमलेलं नाही तेही सांगते, नाहीतर उत्तर अर्धं राहील. अ‍ॅस्पेनच्या विमानतळावर नाताळात खासगी विमानं ओळीने उभी असतात. लोक जगभरातून उडत येतात, आणि त्या उड्डाणांचा धूर डोंगराच्या लिफ्टच्या हिशेबात धरत नाहीत. मला विचाराल तर सर्वांत मोठं भगदाड तेच आहे, आणि कुठल्याही डोंगरावर त्याचा इलाज मी अजून पाहिलेला नाही. उतार दाबून सपाट करणारी मोठी यंत्रं रात्रभर डिझेल पितात. वर काम करणाऱ्यांना वर घर परवडत नाही, म्हणून ते खालून येतात. त्यातल्या त्यात एक चांगलं झालं. २०१३ मध्ये ग्लेनवूड स्प्रिंग्ज ते अ‍ॅस्पेन जलद बससेवा सुरू झाली, ग्रामीण भागातली अशी अमेरिकेतली पहिलीच. पहाटेच्या बसमध्ये मी अनेकदा असते. स्वयंपाकी, खोल्या आवरणाऱ्या बायका, लिफ्ट चालवणारी पोरं, सगळे अंधारात डुलक्या घेत वर जातात. त्या बसमधल्या प्रत्येकाची गाडी त्या दिवशी घरी उभी असते.

मागच्या खेपेला आप्पांना हे सगळं सविस्तर सांगितलं. त्यांनी मध्ये फक्त दोनदा अडवलं. एकदा पाइपचा व्यास विचारायला. तो मला सांगता आला नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, "आणि तू सभासद आहेस ना त्या संस्थेची? मग मत टाकतेस का?"

पहिली काही वर्षं टाकत नव्हते. मतपत्रिका टपालाने यायची आणि जाहिरातींच्या कागदांबरोबर जायची. सहकाराच्या मुलखातून आलेली मी, आणि हे माझ्या हातून झालं याची मला लाज वाटते. त्यांनाही तसं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, सुपारी कातरत राहिले.

आता पाकीट आलं की पोळपाटाशेजारी ठेवते, म्हणजे दिवसातून दोनदा नजरेस पडतं. ते वसंत सरताना येतं. तोवर लिफ्ट थांबलेल्या असतात, ओढे दुथडी भरून वाहतात, आणि स्नोमासच्या त्या शेडमधलं चाक पूर्ण वेगाने फिरत असतं. तुम्ही कोणी इकडे आलात तर त्याच दिवसांत या. भिंतीला हात लावून बघता येईल.