क्रूझवरची सिगारेटबंदी: थोटूक, धूर आणि बिल

मायामीहून कॅरिबियनला निघणाऱ्या क्रूझवर केबिनमध्ये किंवा केबिनच्या बाल्कनीत सिगारेट ओढताना सापडलात, तर कंपनीप्रमाणे साधारण २५० ते ५०० डॉलर तुमच्या खात्यावर चढतात. केबिनमधली बंदी प्रवाशांना पटते, बाल्कनीतली पटत नाही. समोर उघडा समुद्र, वारा असा की धूर क्षणात नाहीसा होतो, मग तिथे कुणाचं काय बिघडतं? बिघडतं ते त्या वाऱ्यामुळेच.

२३ मार्च २००६ ची पहाट. 'स्टार प्रिन्सेस' हे जहाज ग्रँड केमनहून जमैकातल्या माँटेगो बेकडे चाललं होतं. २,६९० प्रवासी, १,१२३ कर्मचारी. तीनच्या सुमारास दहाव्या डेकवर, म्हणजे मजल्यावर, डाव्या बाजूच्या एका बाल्कनीत आग लागली. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेने काढलेला निष्कर्ष असा: बहुधा कुणीतरी टाकलेलं सिगारेटचं थोटूक बाल्कनीतल्या पेट घेणाऱ्या वस्तूवर पडलं, सुमारे २० मिनिटं धुमसत राहिलं आणि मग ज्वाळा उठल्या. त्यानंतर वाऱ्याच्या जोरावर अवघ्या सहा मिनिटांत आग अकराव्या आणि बाराव्या डेकवर चढली, आग रोखण्यासाठी पाडलेल्या शेजारच्या दोन विभागांतही पसरली. बाल्कन्यांमधल्या आडभिंती पॉलिकार्बोनेटच्या, पायाखालच्या फरश्या पॉलियुरेथेनच्या, खुर्च्या-टेबलं प्लास्टिकची. हे सगळं जळताना निघालेला दाट काळा धूर केबिनमध्ये आणि बोळांत भरला. एका प्रवाशाचा त्या धुराने जीव गेला, तेरा जणांवर उपचार करावे लागले. आग विझेपर्यंत दीड तास गेला होता. ७९ केबिन पार निकामी झाल्या आणि आणखी २१८ केबिनचं आग, धूर किंवा पाण्याने नुकसान झालं.

त्या रात्री बाल्कनीच्या दारांच्या काचा उष्णतेने फुटल्या आणि आग आतही शिरू लागली. पण केबिनमधल्या स्प्रिंकलरने, म्हणजे छतातून पाणी फवारणाऱ्या यंत्रणेने, आणि आगीला दाद न देणाऱ्या भिंतींनी तिला तिथेच अडवलं. बाहेर बाल्कनीत मात्र ना स्प्रिंकलर होता, ना आग ओळखणारा डिटेक्टर. त्याच वर्षी डिसेंबरात आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 'सोलास' या सुरक्षा करारात दुरुस्ती केली आणि ती १ जुलै २००८ पासून लागू झाली. बाल्कनीतलं सामान सहज न पेटणारं हवं, नाहीतर तिथे पाणी फवारणारी आणि आगीची सूचना देणारी यंत्रणा हवी, हा तिचा गाभा. जुन्या जहाजांनाही त्यातून सूट मिळाली नाही.

सामानाचे नियम असे झटपट बदलले. बाल्कनीत ओढण्यावर बंदी यायला मात्र वेळ लागला: प्रिन्सेसने ती जानेवारी २०१२ मध्ये घातली, रॉयल कॅरिबियनने जानेवारी २०१४ मध्ये, कार्निव्हलने ऑक्टोबर २०१४ मध्ये. एवढी मोठी आग डोळ्यांसमोर असताना इतकी वर्षं जायला नको होती.

आता बंदी पाळली जाते का, हे कोण बघतं? केबिनच्या छतावरचा डिटेक्टर सिगारेट पकडतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्ण खरा नाही. जहाजावरच्या जिन्यांतल्या आणि बोळांतल्या स्मोक डिटेक्टरसाठी आंतरराष्ट्रीय नियम असा की धुरामुळे प्रकाश दर मीटरला १२.५ टक्के अडण्याआधी तो वाजलाच पाहिजे, पण २ टक्क्यांच्या आत वाजता कामा नये. खालची मर्यादा मुद्दाम ठेवलेली आहे, नाहीतर दर अंघोळीच्या वाफेला धावाधाव होईल. चालू वातानुकूलनात एका सिगारेटचा धूर पुष्कळदा अशा मर्यादेखालीच राहतो. त्यातून केबिनमधली हवा बाथरूमच्या झरोक्यातून बाहेर ओढली जाते, म्हणून चोरून ओढणारे बाथरूम गाठतात. धूर जातो, पण वास टॉवेलला आणि पडद्याला धरून राहतो.

डिटेक्टर वाजलाच, तर ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षातल्या, पॅनेलवर नेमकी जागा दिसते. दोन मिनिटांत कुणी दखल घेतली नाही, तर कर्मचाऱ्यांच्या राहण्याच्या जागेत आणि इंजिन विभागात आपोआप भोंगा वाजतो. म्हणजे एका सिगारेटपायी झोपलेली माणसं उठून धावतात. आणि डिटेक्टरला शॉवर कॅप किंवा पिशवी बांधणं हा तर निराळाच अपराध. सुरक्षा उपकरणाशी छेडछाड या सदरात तो जातो आणि त्यासाठी पुढच्या बंदरावर उतरवलं जाऊ शकतं, परतीचं तिकीट स्वखर्चाने. जाता जाता: स्प्रिंकलरला धुराशी देणंघेणं नसतं, तो ६८ ते ७९ अंशांच्या दरम्यान उष्णतेने उघडतो. पण त्याला हँगर अडकवून ओले कपडे वाळत घातले, तर आतली नाजूक काच फुटते आणि केबिनभर पाणी होतं.

यंत्राची अशी मर्यादा असल्याने बंदीचा खरा भार केबिन आवरणाऱ्या माणसाच्या नाकावर आणि डोळ्यांवर येतो. गोवा, मुंबई आणि कोकणातली कितीतरी मुलं हे काम करतात. वास आला की शहाणा कर्मचारी प्रवाशाशी हुज्जत घालत नाही. तो सुपरवायझरला कळवतो आणि सुपरवायझर सुरक्षा विभागाच्या माणसाला घेऊन येतो. दोन साक्षीदार हवेत, कारण नंतर प्रवासी हमखास नाही म्हणतो. मग बघायच्या जागा ठरलेल्या: कठड्यावरचे करपलेले ठिपके, बाल्कनीच्या सांडपाण्याच्या जाळीत अडकलेली राख, आडभिंतीच्या खालची फट, पाण्याच्या बाटलीत किंवा कपात बुडवलेलं थोटूक, कमोडमध्ये तरंगणारा फिल्टर. वेळेसह फोटो घेतले जातात, नोंद होते, केबिनमध्ये पत्र जातं आणि रक्कम खात्यावर पडते. चढताना तुम्ही जे कार्ड जोडलेलं असतं, त्यातूनच ती वसूल होते.

या रकमेला पुष्कळ कंपन्या दंड न म्हणता सफाईखर्च म्हणतात. दंड सरकार करतं. ही रक्कम तिकिटाच्या करारातल्या अटीवर उभी असते, आणि तो करार तुम्ही ऑनलाइन चेक-इन करताना मान्य केलेला असतो. खर्चही खोटा नसतो. पडदे उतरवायचे, गादीचं आवरण बदलायचं, गालिचा शॅम्पूने धुवायचा, कधी वास घालवायला ओझोन वायूचं यंत्र लावायचं. ओझोन चालू असताना आत कुणी थांबायचं नाही आणि नंतर केबिन नीट हवेशीर करायची. जुने प्रवासी सकाळी उतरतात आणि नवे दुपारी चढतात, त्या मधल्या काही तासांत हे बसवणं अवघड जातं.

यात चुकाही होतात. बाल्कनीचं दार उघडं असताना केबिनचं बोळातलं दार उघडलं की वाऱ्याचा झोत तयार होतो आणि शेजारचा धूर थेट आत येतो. वरच्या डेकवरून टाकलेलं थोटूक वाऱ्याने वळून खालच्या बाल्कनीत पडतं. कॅसिनोत बसून आलेल्या माणसाच्या शर्टालाही वास येतो. म्हणून नुसत्या वासावरून रक्कम आकारणं अन्यायाचं आहे, ठोस खूण हवीच. तुमच्या बाजूने एवढं करा: केबिन ताब्यात मिळताच बाल्कनीचा कठडा, फरशी आणि खुर्च्या बघा. डाग, राख, थोटूक दिसलं तर फोटो काढा आणि सामान लावण्याआधी गेस्ट सर्व्हिसेसला कळवून नोंद करून घ्या.

कर्मचाऱ्याचीही एक अडचण असते, तिच्याकडे कंपन्या पुरेसं लक्ष देत नाहीत. ज्याने तक्रार करायची, त्याचं उत्पन्न आणि शेरा त्याच प्रवाशाच्या हातात असतो. सफरीच्या शेवटी त्याच्याबद्दल वाईट लिहिलं गेलं तर भोगायचं त्यानेच. म्हणून पत्र आणि बोलणं नेहमी वरिष्ठाकडून व्हावं, केबिन आवरणाऱ्याचं नाव त्यात येऊ नये.

संपूर्ण बंदीचा प्रयोगही झालेला आहे. कार्निव्हलचं 'पॅरडाइज' हे जहाज १९९८ मध्ये पूर्ण धूम्रपानमुक्त म्हणून उतरलं. सापडलेल्याला २५० डॉलर आणि पुढच्या बंदरावर निरोप, असा कडक नियम होता. २००४ मध्ये तो प्रयोग थांबला. आज बहुतेक जहाजांवर खुल्या डेकच्या एका बाजूचा ठरावीक भाग ओढणाऱ्यांसाठी असतो, आणि काहींवर कॅसिनोतही परवानगी असते. कॅसिनोची सवलत आम्हाला पटत नाही, कारण त्याच्या शेजारून मुलाबाळांची वाट जाते. उलट डेकवरची जागा मात्र चांगली हवी: आडोसा, खोल वाळूचं किंवा झाकणाचं राखपात्र, बसायला बाक. वाऱ्यापावसात उघडा कोपरा दिला की माणूस बाल्कनीतच ओढतो. थोटूक समुद्रात टाकणं तर कुठेच चालत नाही. फिल्टर हा प्लास्टिकचाच प्रकार आहे आणि समुद्रात प्लास्टिक टाकायला 'मारपोल' या सागरी प्रदूषणविरोधी करारानुसार सरसकट बंदी आहे.

घरून निघताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. अगरबत्ती, मेणबत्ती, कापूर, निरांजन यांना केबिनमध्ये परवानगी नसते. सामान तपासताना त्या काढून घेतल्या जातात, तेव्हा पूजेला फुलं किंवा बॅटरीवरचा दिवा न्या. आणि व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ही सिगारेट नव्हे, असं धरून चालू नका. जहाजावर तिला सिगारेटचेच नियम लागतात आणि तिच्या दाट वाफेने डिटेक्टर वाजू शकतो. मुंबईकर-पुणेकर मंडळी सिंगापूरहून क्रूझ घेतात, तिथे तर व्हेप जवळ बाळगणंही गुन्हा आहे. सिगारेटलाही तिथे करमुक्त सवलत नाही, पहिल्या सिगारेटपासून कर भरावा लागतो. गुटखा, खैनी, जर्दा नेणं तिथे बेकायदा आहे.

शेजारून धूर येत असेल, तर भिंतीवर थापा मारू नका किंवा कठड्यावरून ओरडू नका. वास येत असतानाच फोन करा, सकाळी केलेल्या तक्रारीला हाती काही लागत नाही. वेळ, तुमचा केबिन क्रमांक आणि धूर पुढून, मागून की वरून येतो एवढं सांगा. बाल्कनीत काही धुमसताना दिसलं, तर आधी आणीबाणीचा क्रमांक लावा, बाल्कनीचं दार बंद करा आणि मग केबिनबाहेर पडा.