आमची वाटचाल : आधी ओळख, मग कागद, आता उधारी

भोसरीत १९९९ साली आम्ही फ्रेट फॉरवर्डिंग सुरू केलं, तेव्हा नातेवाइकांना धंदा समजावून सांगणं हेच पहिलं काम होऊन बसलं. "म्हणजे ट्रान्सपोर्ट का?" नाही. "मग कुरियर?" तेही नाही. कारखान्यातून निर्यातीचा माल उचलायचा, गाडी लावायची, कस्टम्सचे कागद करायचे, जहाजात किंवा विमानात जागा घ्यायची आणि तिकडच्या एजंटाकरवी माल खरेदीदाराच्या दारात पोचवायचा. सगळं ऐकून घेऊन आमचे एक मामा म्हणाले, "जहाज दुसऱ्याचं, गाडी दुसऱ्याची, माल तिसऱ्याचा. मग तुमचं काय?" मामांना तेव्हा मी जे उत्तर दिलं ते आज देणार नाही. मधल्या काळात ते दोनदा तरी बदललं.

तेव्हाचं उत्तर होतं, आमची ओळख. मी पुण्यातल्या एका कस्टम हाउस एजंटकडे काही वर्षं डॉक्युमेंटेशन बघितलेलं, धाकटा भाऊ बी.कॉम. होऊन मोकळा. टायरच्या दुकानावरची खोली, एक इलेक्ट्रॉनिक टाइपरायटर आणि एक फॅक्स. परदेशी एजंटांचे दर फॅक्सवर यायचे. त्या गुळगुळीत थर्मल कागदावरची अक्षरं काही दिवसांत उडायला लागायची, म्हणून फॅक्स आला की आधी झेरॉक्स. कुठल्या शिपिंग लाईनचा (जहाज कंपनीचा) कोण माणूस जागा काढून देतो, न्हावा शेव्याच्या बंदरात कुठल्या शेडमध्ये कोण अप्रेझर (माल तपासणारा कस्टम्सचा अधिकारी) बसतो, पनवेलहून उरणकडे रात्री काय मिळतं, हे ज्याला ठाऊक त्याचा माल जायचा. पहिली पार्टी भोसरीतलीच, जर्मनीला मशिन केलेले पार्ट पाठवणारी. जहाज सुटलं की भाऊ डेक्कन क्वीनने व्हीटीला, तिथून चालत बॅलार्ड इस्टेटला शिपिंग लाईनच्या ऑफिसात, खिशात डिमांड ड्राफ्ट. रकमेत फरक निघाला की दिवस वाया. मूळ बिल ऑफ लेडिंग (बीएल), म्हणजे माल जहाजावर चढल्याची लाईनची पावती, हातात आल्याशिवाय पार्टीला बँकेत कागद लावता येत नसत, त्यामुळे तिचा माणूस रात्री पुणे स्टेशनवरच येऊन थांबायचा.

कारखान्यातच कंटेनर भरायचा तर एक्साइजचे इन्स्पेक्टर हजर हवेत, त्यांच्यासमोर मोजणी, एआरई-१ या एक्साइजच्या निर्यात फॉर्मवर सही आणि मग सील. माल तयार, कंटेनर दारात, मजूर बसलेले आणि साहेब दुसऱ्या कारखान्यात, असं सर्रास व्हायचं. ट्रेलरवाल्याचं हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे, कोण देणार यावरून वाद ठरलेला. पुण्या-पिंपरीच्या हद्दीवर जकात नाक्यांच्या रांगा वेगळ्याच. २००२ मध्ये एक्स्प्रेसवे पूर्ण सुरू झाला आणि जुन्या बोरघाटात अख्खी रात्र घालवणं संपलं. जकात मात्र एप्रिल २०१३ पर्यंत राहिली, मग एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, तोही ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेकांसाठी गेला. जकात गेल्याचं दुःख करणारा एकही ड्रायव्हर मला अजून भेटलेला नाही.

एक गोष्ट तेव्हाही होती आणि आजही तशीच आहे. रिकामा कंटेनर कारखान्यात आला की आमच्या ऑफिसातला एखादा मुलगा आत जाऊन उभा राहतो आणि बाहेरून दरवाजे लावून घ्यायला सांगतो. आत मिट्ट काळोख हवा. कुठे सुईएवढा जरी उजेड दिसला तर पत्र्याला भोक आहे, म्हणजे समुद्रावर पाणी आत येणार आणि पार्ट गंजणार. मे महिन्यात बंद लोखंडी डब्यात दोन मिनिटं उभं राहणं ही काही सुखाची गोष्ट नाही. नवीन मुलं टाळाटाळ करतात, दार अर्धं लोटून "बघितलं" म्हणतात. नंतर फरशीला नाक लावून वास बघायचा. आधीच्या फेरीला केमिकल किंवा कातडी गेली असेल तर कळतं. मग लाकडी पॅलेटवरचा शिक्का. गव्हाच्या लोंबीचं चिन्ह, शेजारी देशाचा कोड आणि एचटी किंवा एमबी, म्हणजे लाकूड तापवलंय की धुरी दिलीय. तो शिक्का नसला तर ऑस्ट्रेलियासारख्या देशात माल बंदरातच अडकतो आणि पाच हजारांच्या लाकडापायी लाखांचं नुकसान होतं. हे कुठल्याही पोर्टलवर होत नाही, तिथे माणूसच लागतो.

ओळखीचा जमाना मोडून कागदाचा सुरू झाला तो २०१७ मध्ये, असं मी मानते. जूनच्या शेवटी जगभर पसरलेल्या सायबर हल्ल्यात जेएनपीटीचं, म्हणजे न्हावा शेव्याच्या बंदराचं, एक टर्मिनल बंद पडलं, कामं हाताने सुरू झाली आणि ट्रेलरच्या रांगा लागल्या. ते निस्तरतंय तोवर १ जुलैला जीएसटी. एक्साइज गेलं, एआरई-१ गेला, वर्षअखेरीपर्यंत कारखानदाराने स्वतःच आरएफआयडी (रेडिओ चिपचं) सील लावायची पद्धत आली. साहेबांची वाट बघणं संपलं म्हणून आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो, तेवढ्यात रिफंड अडकायला लागले. निर्यातीवर भरलेला आयजीएसटी (एकात्मिक जीएसटी) परत मिळायचा तर शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टम्सचा कागद, हाच अर्ज; पण त्यातला इन्व्हॉइस आणि जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रामधला इन्व्हॉइस अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. अकाउंट्सवाला लिहिणार ‘ईएक्सपी/०१७’, आमच्याकडे डिस्पॅचने दिलेला नंबर ‘ईएक्सपी-१७’. झालं, ‘एसबी ००५’ एरर. छोट्या कारखानदारांचं खेळतं भांडवल एका तिरप्या रेघेपायी सरकारकडे पडून. मार्च २०१८ मध्ये कस्टम्सने खास रिफंड पंधरवडा घेतला, तेव्हा आमच्या ऑफिसात पार्ट्यांचे अकाउंटंट टेबलाला टेबल लावून बसले होते. भावाचं म्हणणं होतं की या कामाचे पैसे घ्यावेत. मी घेऊ दिले नाहीत. त्या दिवसांत आलेल्या पार्ट्या आजही आमच्याकडे आहेत, त्यामुळे या मुद्द्यावर तो आता बोलत नाही.

पुढे २०२० मध्ये आयातीचं फेसलेस असेसमेंट देशभर लागू झालं. न्हावा शेव्याला आलेल्या मालाची फाईल तपासणारा अधिकारी भलत्याच शहरात, नाव-गाव माहीत नाही. बरेच जुने लोक याने हळहळले. मला बरं वाटलं. कस्टम हाउसात बाई म्हणून उभी राहिले की "मालकांना पाठवा" हे मी पुष्कळ ऐकलंय. स्क्रीन तसं म्हणत नाही. पण धंद्याच्या दृष्टीने एक दरवाजा बंद झाला हे खरं. जे सगळ्यांना ऑनलाईन दिसतं ते माहीत असण्याचे पैसे कोण देणार? मोठ्या शिपिंग लाईन वेबसाइटवर थेट दर द्यायला लागल्या. पार्टी फोनवर म्हणते, "मॅडम, मला इथे कमी दिसतंय." दिसतं ते बहुधा खरंही असतं, फक्त त्यात टर्मिनल हँडलिंग, बीएलचा चार्ज, तिकडचं डिलिव्हरीचं भाडं धरलेलं नसतं.

त्याच वर्षी आला कोरोना, आणि आपला धंदा नेमका कशाचा आहे हे कळलं.

लोकांना वाटतं त्या काळात फॉरवर्डरनी पैसा ओढला. काहींनी ओढला असेल. २०१९ मध्ये ४० फुटी कंटेनरचं भाडं जागतिक सरासरीने दीड हजार डॉलरच्या आसपास होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये ते दहा हजारांच्या वर गेलं. रिकामे कंटेनर अमेरिका-युरोपात अडकलेले, जहाजं ऐनवेळी फेऱ्या रद्द करताहेत, त्यात मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ सुवेझ कालव्यात सहा दिवस आडवं. बुकिंग झालेला कंटेनर पुढच्या जहाजावर ढकलला जाणं, म्हणजे रोलओव्हर, ही रोजची बातमी. पण खरी कळ दुसरीकडे होती. लाईन पैसे घेतल्याशिवाय बीएल सोडत नाही. पार्टी मात्र आम्हाला पैसे देते ६० दिवसांनी. आता हिशेब करा. महिन्याला दहा कंटेनर, दीड हजारांचं भाडं, म्हणजे दोन महिन्यांत माझे ३० हजार डॉलर बाजारात. तेच भाडं आठ हजार झालं की १ लाख ६० हजार डॉलर, तेव्हाच्या भावाने सव्वा कोटीच्या जवळपास रुपये. कंटेनर तेवढेच, कष्ट दुप्पट, कंटेनरमागे सुटणारे पैसे जवळजवळ पूर्वीइतकेच, आणि उधारी पाचपटीहून जास्त. निगडीचा फ्लॅट बँकेत तारण ठेवून सीसी लिमिट (बँकेच्या कॅश क्रेडिटची मर्यादा) वाढवून घेतलं तेव्हा आईला सांगितलं नव्हतं.

त्या दिवसांत मामांच्या प्रश्नाचं खरं उत्तर सापडलं. आम्ही दुसऱ्याचा माल दुसऱ्याच्या जहाजावर स्वतःच्या पैशाने पाठवतो. छोटा फॉरवर्डर ही पुष्कळदा छोट्या निर्यातदाराची बिनव्याजी बँक असते, आणि हे ना पार्टी बोलून दाखवत ना फॉरवर्डर. दर कमी लावून धंदा मिळवणारे आमच्या ओळखीतले काहीजण त्याच दोन वर्षांत बंद पडले. काम भरपूर होतं. पैसे अडकले आणि लाईनचं देणं थांबलं.

म्हणून आम्ही एक मोठी पार्टी सोडली. नाव सांगत नाही. गेटवर बोर्ड मोठा होता, पेमेंट ९० दिवसांचं होतं आणि ९१व्या दिवशी डेबिट नोट, म्हणजे बिलातून पैसे कापल्याची चिठ्ठी, यायची, "माल उशिरा पोचला" म्हणून. जहाज उशिरा गेलं त्याला आम्ही काय करणार? उलाढालीचा मोठा हिस्सा तिच्याकडून होता, तरी सोडली. १ ऑक्टोबर २०२२ पासून निर्यातीच्या भाड्यावरची जीएसटीची सूट संपली, म्हणजे बिलावर आणखी कर आणि तोही आधी आमच्याच खिशातून. थोडा हात मिळाला तो आयकराच्या ४३बी (एच) कलमामुळे. ‘उद्यम’ नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत (जास्तीत जास्त ४५ दिवस) दिले नाहीत आणि ते वर्षअखेरीला थकले, तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. मार्च २०२४ मध्ये ज्यांना एरवी फोन लागत नसे, ते स्वतःहून आमचं उद्यम सर्टिफिकेट मागू लागले. काहींनी उलट, नोंदणी रद्द करता का म्हणूनही विचारलं. असेही लोक आहेत.

नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपमार्गे जायला लागली. दहा ते चौदा दिवस जास्त. चाकणच्या आमच्या पार्ट्यांचा माल जर्मनीत थेट असेंब्ली लाईनला लागतो. तिथे चौदा दिवस म्हणजे लाईन थांबणार. काहींनी तिकडे गोदामात जादा साठा ठेवायला सुरुवात केली. काहींचा माल आम्ही जहाजाने दुबईला आणि तिथून विमानाने पाठवला. पूर्ण विमानभाड्यापेक्षा स्वस्त, पूर्ण जहाजापेक्षा लवकर. सरळ विमानाने पाठवायचा तर पुण्याचा माल आजवर प्रामुख्याने मुंबईच्या सहार विमानतळावरच जात आलाय, कारण लोहगाव मुळात हवाई दलाचा तळ. पुरंदरचा विमानतळ होईल तेव्हा होईल, आम्ही त्यावर कोटेशन देत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने बऱ्याच भारतीय मालावरचं आयात शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. ऑटो पार्टना तेव्हा वेगळा, २५ टक्क्यांचा नियम होता. त्या आठवड्यात सगळ्यांनी एकच विचारलं, जहाज किती तारखेला पोचेल? आम्ही उलट विचारत होतो, तुमच्या ऑर्डरवर टर्म काय लिहिलीय? एफओबीवर, म्हणजे माल जहाजावर चढवून देण्यापुरती जबाबदारी घेऊन, विकलं असेल तर शुल्क खरेदीदाराचं. डीडीपी, म्हणजे शुल्क भरून दारात पोचवायचं, असेल तर पूर्ण शुल्क तुमच्या डोक्यावर. तीन अक्षरं, पण पुष्कळांनी ती ऑर्डर मिळाल्याच्या आनंदात न वाचता सही केलेली असतात. आता नव्या पार्टीकडून भावाच्या कोटेशनआधी आम्ही तिची परचेस ऑर्डर मागून घेतो.

सातासमुद्रापलीकडचं एवढं सगळं सांभाळूनही माल चुकतो तो घराजवळच. चाकणला तळेगाव चौकात आणि आंबेठाण चौकात संध्याकाळी ट्रेलर अडकला की अडकला. पुढे घाटात एखादा टँकर पलटी झाला, तर बंदराच्या गेटचा कट-ऑफ (माल आत घ्यायची शेवटची वेळ) हुकतो आणि माल आठवडाभराने पुढच्या जहाजावर जातो. म्हणून आम्ही गाड्या रात्रीच काढतो आणि कट-ऑफच्या किमान एक दिवस आधी कळंबोलीच्या पुढे पोचवतो. त्यात एक दिवसाचं हॉल्टिंग लागतं. ते आम्ही कोटेशनमध्ये उघड लिहितो, त्यामुळे आमचा दर जरा जास्त दिसतो.

सध्या घरात वाद चालू आहे तो यावरूनच. भावाला स्वतःचे दोन ट्रेलर घ्यायचेत. "ताई, ऐनवेळी गाडी मिळत नाही, मिळाली तर वाट्टेल ते भाडं मागतात," हे त्याचं म्हणणं बरोबर आहे. माझं म्हणणं, ड्रायव्हर कुठून आणायचे? रात्रीच्या घाटाला भरवशाचा ड्रायव्हर मिळत नाही म्हणून चांगल्या चांगल्या ट्रान्सपोर्टरांच्या गाड्या यार्डात उभ्या आहेत. टायर, डिझेल, इन्शुरन्स आणि बँकेचा हप्ता, म्हणजे पार्ट्यांच्या उधारीत आणखी एक भर. भाचीने दोघांचे आकडे एक्सेलमध्ये टाकून दिलेत. त्यात महिन्याला किती फेऱ्या धरायच्या यावर आमचं एकमत होत नाही. त्याने कोटेशन मात्र मागवून ठेवलंय.