सुटा स्पीकर

स्पीकर-टेपच्या आवाजाचा हा नाद मला लागला तो एका सुट्या स्पीकरमुळे. मोडीत निघालेल्या रेडिओतून वडिलांनी तो काढून दिला होता. मागे जड लोहचुंबक, पुढे कागदाचा काळपट शंकू. दोन वायरी जोडून टेपरेकॉर्डरला लावला. वाजला, पण चिरका. तबल्याची चाट टकटक ऐकू येत होती, डग्गा मात्र बेपत्ता.

वडील म्हणाले, "खोक्यात बसवून बघ की."

पुठ्ठ्याच्या खोक्यावर वाटी पालथी घालून गोल आखला, ब्लेडने कापला आणि स्पीकर आतून दाबून बसवला. तीच कॅसेट पुन्हा लावली. डग्गा आला! खोक्यावर तळहात ठेवला तर पुठ्ठा थरथरत होता. स्पीकर तोच, टेप तीच, आणि एवढा फरक? त्या रात्री मी तो काढत-बसवत राहिलो.

कारण बऱ्याच वर्षांनी वाचलं. शंकू पुढची हवा दाबतो तेव्हा मागची विरळ होते. १०० हर्ट्झच्या, म्हणजे खर्जातल्या आवाजाची लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब. ती एवढ्याशा शंकूच्या कडेवरून सहज वळते आणि पुढचं-मागचं एकमेकांना खाऊन टाकतं. खोकं फक्त आड येतं. १९५४ मध्येच एडगर विल्चर या अमेरिकन संशोधकानं पेटी हवाबंद करून आतली हवाच स्प्रिंगसारखी वापरली आणि लहानशा पेटीतून खोल खर्ज काढला. हे वाचलं तेव्हा मला माझ्या खोक्याच्या फटी आठवल्या.

मग टेपच्या हेडचा स्क्रू फिरवणं, रेकॉर्डवर सुई टेकवणं, सगळं ओघानं आलंच. यंत्रं बदलत गेली. पण शौकिनांच्या गप्पा महागड्या केबलवर घसरल्या की मी हळूच उठतो.

कुणी म्हणालं, "सिस्टिम चांगली आहे, पण बेस नाही," तर मी आधी स्पीकरच्या मागे वाकतो. एका बाजूची लाल-काळी वायर उलटी लागलेली असली, की एक शंकू बाहेर येताना दुसरा आत जातो. पुन्हा तीच मारामारी: खर्ज गायब, आणि मधोमध उभा असायला हवा तो गायक खोलीभर सांडलेला. वायर सुलटी करायला दोन मिनिटं पुरतात. पण तोवर गृहस्थांनी नवा अ‍ॅम्प्लिफायर बघून ठेवलेला असतो.